साठ बदकांचा एक ठिपका

बाईंनी प्लेट खिडकीकडे तिरकी धरली आणि मान न वळवता म्हटलं,

"उभं राहायचं तर राहा, पण उजेडात नको."

साहेब एक पाऊल बाजूला सरकले. फाइल पोटाशी धरून ते उभे राहिले, आणि बाई मनातल्या मनात तीसपर्यंत मोजत राहिल्या. वीसलाही काम भागलं असतं. पण साहेबांना दहा आकडे जास्त ताटकळत ठेवायला मिळत असतील तर बाई ती संधी सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

प्लेट म्हणजे हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची पाटी, तिच्यात खळग्यांच्या ओळी. एका ओळीत एका बदकाचं सीरम, दर खळग्याला निम्म्यानं पातळ होत गेलेलं. त्यात मारलेला विषाणू आणि वरून कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी. बदकाच्या अंगात बर्ड फ्लूची प्रतिपिंडं असली, की ती विषाणूला बांधून टाकतात. पेशी मोकळ्या राहतात, तळाशी गोळा होतात आणि प्लेट तिरकी केली की ओघळतात. प्रतिपिंडं नसली तर विषाणू पेशींना धरून बसतो, तळाशी जाळं पसरतं आणि ते जागचं हलत नाही. चौथ्या खळग्यापर्यंत ओघळ दिसला तर 'आहे' लिहायचं, तिसऱ्यातच थांबला तर 'नाही'. गोष्ट एवढीच होती. पण ती साहेबांना चौथ्यांदा समजावून सांगायची बाईंची तयारी नव्हती.

"पाच," ओघळ दिसलेले खळगे मोजून बाई म्हणाल्या आणि लिहिलं. पुढची ओळ बघितली. "पाच."

"छान," साहेब म्हणाले.

छान काय डोंबलाचं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. हा मनुष्य आठ महिन्यांपूर्वी मुख्य कचेरीतून इथे आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं होतं की बदकाचं सीरम आणि कोंबडीचं सीरम यांत असा काय मोठा फरक पडतो. बदकाचं सीरम आपण होऊन कोंबडीच्या पेशींच्या गाठी करतं, म्हणून आधी त्याला त्याच पेशींबरोबर अर्धा तास ठेवून ती खोड काढून टाकावी लागते. शिकाऊ पोरींनाही दुसऱ्या दिवशी कळणारी ही गोष्ट. ती ज्याला ठाऊक नव्हती तो आता बदकांच्या चाचण्यांची तुलना करायला निघाला होता, आणि वरून त्याला शाबासकीही मिळणार होती.

तुलना अशी होती. चार कळप, प्रत्येकातून साठ बदकं, एकूण दोनशे चाळीस नळ्या. प्रत्येक नळीतलं निम्मं सीरम बाईंच्या टेबलावर आणि निम्मं पलीकडच्या खोलीतल्या मशीनकडे. तिथे किट वापरायचं. किटमध्ये रंग उमटायचा, मशीन तो मोजायचं आणि कागद बाहेर फेकायचं. जेलवरची तिसरी एक चाचणी होती, ती पहिल्याच आठवड्यात बाद झाली, कारण बदकांची प्रतिपिंडं जेलमध्ये धड रेघच उमटवत नाहीत. तेवढ्या एका बाबतीत बाईंचं आणि साहेबांचं एकमत झालं होतं.

उरलेल्या दोन चाचण्यांचे निकाल चोवीसपर्यंत नळ्यांमध्ये वेगळे आले तर चालणार होतं. पंचवीस झाले की बाईंचं टेबल बंद, किट कायम. तसं पत्रच होतं, आणि त्यात बाईंची पुढची सोयही लिहिलेली होती: 'भांडार विभागात सामावून घेण्यात येईल.' नोकरीची चार वर्षं उरलेली. सव्वीस वर्षं ज्या बाईनं खळग्यांकडे बघितलं, तिनं आता हातमोज्यांची खोकी मोजायची. पत्र वाचून बाईंनी ते नीट घडी करून खणात ठेवलं होतं आणि त्या दिवशी मशीनवाल्याशी बोलणंच टाकलं होतं. हा चाळिशीतला, कायम काहीतरी गुणगुणणारा गृहस्थ मशीन चालवायचा. बाई त्याला बटणवाला म्हणायच्या, त्याच्या तोंडावरसुद्धा.

"पाच," त्या पुन्हा म्हणाल्या.

त्या दिवशी तलावाकाठच्या कळपाच्या, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या कळपाच्या साठही नळ्या वाचून झाल्या. साठांपैकी साठ पाच. बाईंनी सोबतच्या तपासणीच्या ओळी पुन्हा पाहिल्या. ज्यात प्रतिपिंडं असल्याचं माहीत होतं ती ओळ बरोबर होती, ज्यात नसल्याचं माहीत होतं तीही बरोबर. पेशी ताज्या होत्या. प्लेटमध्ये खोट नव्हती, हातात नव्हती. त्यांनी कागदावर सही केली, पण दुपारचा डबा निम्मा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. भिंतीवर आलेख पाडला होता. आडव्या रेषेवर बाईंचे आकडे, उभ्या रेषेवर मशीनचे. पहिल्या तीन कळपांचे ठिपके भाजणीच्या पिठात पाणी उडाल्यासारखे इकडेतिकडे सांडलेले. त्यांत न जुळणारे एकवीस.

"आणि आता हा चौथा कळप बघा." साहेबांचा चेहरा फुलला होता. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "साठ बदकं आहेत इथे. साठ! पण ठिपका एकच दिसतोय. इतके एकावर एक बसलेत. एकही फरक नाही. बाई, अभिनंदन. एकवीसवर थांबलं. दोन्ही चाचण्या राहतात."

बटणवाल्यानं टाळ्या वाजवल्या. नंतर आपण एकटेच वाजवतोय हे कळून थांबला.

बाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. एका कळपातली साठ बदकं. कुणी म्हातारं, कुणी यंदाचं पिल्लू, कुणाला दोन वर्षांपूर्वी आजार चाटून गेलेला, कुणाला कधीच नाही. एकात दोन यावेत, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात काहीच नाही. एकाच आईच्या पोटची दोन पोरंही इतकी सारखी नसतात. आणि हा शहाणा त्या ठिपक्यावर बोट ठेवून हसतोय. समोर दिसत असूनही त्याला दिसत नाही. बाईंना इतकी कीव आली, इतकी घृणा आली, की क्षणभर आपण वाचलो हेही त्या विसरल्या.

मग ते आठवलं. साठ नळ्या, एक बदक. त्या एका बदकानं आपलं टेबल वाचवलंय. आणि तलावाकाठी रक्त घ्यायला कोण गेलं होतं हे बाईंना कुणाला विचारायची गरज नव्हती.

जगातल्या बहुतेक माणसांबद्दल बाईंचं मत वाईट होतं. वरचे अर्धवट, खालचे कामचुकार, शेजारचे लोचट, दूधवाला लबाड. त्यातून सुटलेला एकच, धाकटा भाऊ. आई गेल्यावर त्याला बाईंनीच वाढवलं. रक्त घेणाऱ्यांच्या पथकात त्यांनीच त्याला चिकटवला. पंखाखालची शीर बोटानं कशी चाचपायची, सुई कशी आडवी सरकवायची, हे आपल्या हातानं त्याचा हात धरून शिकवलं. माझ्या भावाचा हात इतका हलका, बदकाला कळतही नाही, असं त्या चारचौघांत सांगायच्या.

संध्याकाळी त्या त्याच्याकडे गेल्या. दोन गल्ल्या सोडून घर. भावजयीनं दार उघडलं, "या ताई" म्हणून आत गेली. तो मागच्या ओट्यावर लेकीच्या सायकलची चेन बसवत होता.

"तलावाकाठच्या बदकांना किती वेळ लागला रे?"

"झालं तासाभरात."

"साठ बदकं. पकडायची, घ्यायची, सोडायची. तासाभरात."

"हात हलका आहे ना माझा." तो हसला. "तूच सांगत असतेस."

"कुठल्या पंखाची शीर घेतलीस?"

"डाव्या."

"सगळ्यांच्या डाव्याच?"

त्यानं फडक्याला हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"एकाच बदकाचं आहे ते," बाई म्हणाल्या.

त्यानं फडकं बाजूला ठेवलं. मग त्यानं सांगितलं, आणि फारसं काही लपवलं नाही. बदकांचा मालक गिऱ्हाइकासाठी एक बदक कापत होता. यानं वाटी धरली. रक्त गोठायच्या आत साठ नळ्यांत भरलं. बाकीची बदकं पाण्यात होती, त्यांना बाहेर हाकायलाच दोन तास गेले असते.

"दोन तास वाचले म्हणून?"

"तसं नाही, ताई."

"मग कसं?"

"तूच तर रोज सांगत होतीस," तो म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा होता. "हे सगळं नाटक आहे. निकाल कधीच ठरलाय, आकडे नुसते सजावटीला. वरच्यांना बदक कळत नाही की कोंबडी कळत नाही, त्यांच्यापुढे काहीही ठेवा. इथेच बसून म्हणालीस, याच ओट्यावर. मग मी म्हटलं, नाटकासाठी साठ जिवांना कशाला छळायचं?"

बाईंनी पायाशी पडलेला पाना उचलून बाजूला ठेवला.

"आणि तू म्हणालीस, मी डोळे मिटून आकडे लिहिणार आहे. मला वाटलं, तू खरंच तसं करणार."

"मी एकेक ओळ तीस मोजून वाचली."

"ते मला काय माहीत?" तो म्हणाला. "तू तसं कधी बोललीच नाहीस."

आतून भावजयीनं चहाचं विचारलं. बाईंनी नको म्हटलं. डोळे मिटून लिहिणार असं त्या म्हणाल्या होत्या, अगदी खरं होतं. जेवता जेवता, साहेबांच्या चालण्याची नक्कल करून झाल्यावर म्हणाल्या होत्या, आणि तो पोट धरून हसला होता. त्या हसण्यासाठीच त्या रोज नवं काहीतरी घेऊन यायच्या. आता त्यांना त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि आपल्याच तोंडावरही एक मारून घ्यावीशी वाटली. यातलं काहीच न करता त्या उठल्या.

"टेबल तर वाचलं ना पण?" त्यानं मागून विचारलं.

"चेन उलटी बसवतोयस," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

सकाळी त्यांनी साहेबांपुढे कागद ठेवला. चौथ्या कळपाच्या साठही नळ्या एकाच बदकाच्या आहेत, त्या रद्द करून रक्त पुन्हा घ्यावं. कुणी भरल्या तेही लिहिलं होतं, आणि तो आपला सख्खा भाऊ असल्याचंही. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"पण आलेख मुख्य कचेरीत गेलाय, बाई."

"मग परत मागवा."

"कुणी हरकत घेतलेली नाही."

"घेणार कोण? बघता येणारं माणूस हवं ना."

टोमणा साहेबांना लागला असावा, कारण त्यांनी चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय ते अगदीच साधे दिसत, एखाद्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर असावेत तसे.

"तुमच्या लक्षात येतंय ना? हा कळप काढला, की तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. पहिल्या तीन कळपांत साठाला सातच्या हिशेबानं चुकलंय. चौथ्यातही तसंच झालं, तर तुम्ही पंचविसाच्या पुढे."

"गणित येतं मला," बाई म्हणाल्या.

भावाला खुलाशाची नोटीस निघाली. दोन दिवस तो बाईंकडे आला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेच गाडीशी येऊन उभा राहिला, कारण रक्त घ्यायला दुसरं माणूसच मोकळं नव्हतं. बाई त्याच्या बरोबर गेल्या. कुणीच बोललं नाही. मालक काठावर बसून तंबाखू मळत बघत होता, त्यालाही यांचं काय बिनसलंय ते कळलं असावं. भावानं गुडघाभर पाण्यात उतरून बदकं हाकली, बाईंनी एकेक बगलेत धरलं, त्यानं शीर चाचपली, सुई आडवी सरकवली. एका बदकानं बाईंच्या साडीवर घाण केली, दुसऱ्यानं मनगटाला चावा काढला. साठ बदकांना साडेतीन तास लागले. हात खरंच हलका होता त्याचा. बाईंना ते बघवेना आणि नजरही काढवेना.

बाई वाचायला बसायच्या आदल्या दिवशीच मशीननं आपला कागद दिला. तो बंद पाकिटात साहेबांच्या कपाटात गेला. या वेळी साहेबांनी एक शिस्त लावली: बाईंनी वाचायचं आणि लिहायचं दुसऱ्यानं. दुसरा म्हणून त्यांना बटणवालाच मिळावा, यात बाईंना साहेबांच्या एकूण बुद्धीचं दर्शन झालं. मशीनचे आकडे ज्यानं काढले त्यालाच इथे आणून बसवलं. पाकीट बंद करून उपयोग काय?

बटणवाला स्टूल ओढून बसला. आज तो गुणगुणत नव्हता.

"दोन," बाई म्हणाल्या. "सहा. काहीच नाही. चार."

हा कळप होता. पहिल्या दहा ओळींतच बाईंना ते जाणवलं आणि अगदी आतून बरं वाटलं. म्हातारी होती, पिल्लं होती, आजारातून उठलेली होती. सात. एक. पाच. एकाचं दुसऱ्याशी काही जुळत नव्हतं. बाई वाचत गेल्या, आणि आपलं कुठे चुकतंय हे बटणवाल्याच्या पेनावरून दिसू नये म्हणून त्याच्याकडे बघायचं त्यांनी कटाक्षानं टाळलं. तरी पेन तीन वेळा अडखळल्याचं ऐकू आलंच. एकवीस आणि तीन म्हणजे चोवीस. त्याच्यापुढे जागा नव्हती.

सत्तावन्नावं बदक. पहिल्या खळग्यात ओघळ. दुसऱ्यात. तिसऱ्यात. चौथ्यात तळाशी धूसर तांबूस पसरलेलं.

"तीन," बाई म्हणाल्या.

पेन हललं नाही.

"बाई," बटणवाला म्हणाला, "चौथ्यातही थोडं ओघळतंय बघा."

त्यानं प्लेटकडे बघितलंही नव्हतं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. बाईंना कळलं. मशीननं या बदकाला 'आहे' म्हटलंय. गेली पाच वर्षं ज्याला त्यांनी माणसात धरलं नव्हतं, तो आपली नोकरी पणाला लावून त्यांना त्यांचं टेबल परत देऊ पाहत होता. आणि त्यानं ते इतक्या वाईट पद्धतीनं केलं होतं, की बाईंना हसू यायला हवं होतं.

त्यांनी प्लेट पुन्हा उजेडात धरली. आणखी थोडी तिरकी केली. पूर्ण तीस मोजले, मग आणखी दहा. चौथ्या खळग्यातलं जाळं जागचं हललं नाही.

"तीन."

"चार वर्षं राहिलीत तुमची," तो हळूच म्हणाला. "एका खळग्यासाठी कशाला? कुणी बघायला येणार नाही."

बाईंनी प्लेट टेबलावर ठेवली. पदरानं डोळे टिपले, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"तीन लिहा," त्या म्हणाल्या. "आणि पुढचं अठ्ठावन्न. ओळ चुकवू नका."